फिटिंग फुकट

सोयाबीन बाजार समितीत उतरलं की वाशिम जिल्ह्यात बऱ्याच खरेद्या एकदम सुरू होतात. कपडालत्ता, फटाके, घरात लग्नाचं बोलणं पुढं सरकलं असेल तर सोनं, आणि गेल्या काही वर्षांत या यादीत गाडीचा ‘टेप’ही येऊन बसला आहे. टेप म्हणायचं ते सवयीनं. कॅसेट जाऊन जमाना झाला. आता मिळतो तो नऊ इंची पडद्याचा अँड्रॉइड सेट, सोबत रिव्हर्सचा कॅमेरा, दारांत चार स्पीकर आणि हौस असेल तर डिकीत बास ट्यूब. बऱ्यापैकी माल घ्यायचा तर बिल दहा-पंधरा हजारांवर जातं. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या हिशेबानं हे दोन ते तीन क्विंटल झाले, आणि हमीभाव पदरात पडेलच असं नाही, तेव्हा तीनच धरलेले बरे. वाशिम शहरातून अकोला, हिंगोली, पुसद, रिसोड असे चहूकडे रस्ते फुटतात. अशा नाक्यांवर, तसंच कारंज्याला, मंगरूळपीरला, रिसोडला सीट कव्हर, मॅटिंग आणि म्युझिक सिस्टीम एकाच छपराखाली विकणारी दुकानं असतात. दुकान दहा बाय बाराचं, पण काम चालतं रस्त्याच्या कडेला. गाडीची चारही दारं उघडी, सीटवर जुनी चादर अंथरलेली आणि ड्रायव्हरच्या पायाशी पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली मुंडकं घातलेला एक पोरगा. त्याच्या मजुरीचं विचारलं तर काउंटरवरून उत्तर ठरलेलं: फिटिंगचं काही नाही भाऊ, ते फ्रीच आहे.

संपादकांनी या अंकासाठी ‘हातचं काम’ असा विषय दिला, तेव्हा कुंभार, बुरूड, कल्हईवाला यांच्याकडे वळणं सोपं होतं. त्या कामांवर भरपूर लिहून झालं आहे आणि सरकारदरबारीही त्यांतल्या काहींची नोंद आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, सोनार, चांभार, शिंपी असे अठरा व्यवसाय धरले आहेत. गाडीच्या वायरिंगमध्ये हात घालणारा त्यांत नाही, आणि परंपरागत कारागिरांच्या यादीत तो असावा असा आग्रहही कुणी धरणार नाही. मुद्दा निराळा आहे. या कामाला किंमतच लावलेली नाही. सेटला किंमत आहे, स्पीकरला आहे, मडगार्डवरच्या स्टिकरलाही आहे; ज्या दोन तासांवर या सगळ्याचं चालणं, न चालणं आणि क्वचित पेटणंही अवलंबून असतं, ते दोन तास मात्र फुकट. गाडीतल्या संगीताच्या बहुतेक तक्रारी, म्हणजे उतरणारी बॅटरी, घरघर, जळका वास, दारातून झिरपणारं पाणी, या मालाच्या नसून या फुकटेपणाच्या आहेत, असं माझं म्हणणं आहे.

बारा व्होल्टचा हिशेब

गाडीची वीज ही घरच्या विजेची धाकटी, निरुपद्रवी बहीण आहे असा समज सर्रास आढळतो. बारा व्होल्टला हात लावला तरी झटका बसत नाही, त्यामुळं भीती वाटत नाही. पण झटका बसतो तो दाबामुळं; तार तापते ती प्रवाहामुळं. स्वयंपाकघरातला चारशे वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर दोन अँपिअरही ओढत नाही. तेच चारशे वॅट बारा व्होल्टवर काढायचे तर तेहतीस अँपिअर लागतात. म्हणजे गाडीत जरा मोठा ॲम्प्लिफायर बसवला की घरातल्या एखाद्या पॉइंटला कधी पाहावा लागत नाही एवढा प्रवाह सीटखालून, कार्पेटखालून वाहू लागतो.

आता तारेकडे पाहू. बॅटरी बॉनेटखाली आणि ॲम्प डिकीत, म्हणजे तारेचा प्रवास पाचेक मीटरचा. घरातल्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मीटरमागे साधारण सात मिलिओहम रोध दाखवते. पाच मीटरला पस्तीस. तीस अँपिअर वाहिले की एक व्होल्टहून थोडा अधिक दाब तारेतच खर्ची पडतो आणि तीस-बत्तीस वॅट उष्णता होऊन बाहेर येतात. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या हातातली सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटची असते, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे. ही उष्णता पाच मीटरभर पसरते म्हणून लगेच काही होत नाही, हे खरं. पण तार मध्येच जिथं पिळून जोडली असेल तिथं रोध एकवटतो आणि उष्णताही तिथंच साचते. सोळा चौरस मिलिमीटरची तार वापरली तर हाच तोटा पाच वॅटवर येतो. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार मात्र दिसायला तेवढीच जाड असते आणि रोध दीडपटीच्या आसपास देते. रंगीत, पारदर्शक आवरणातली, चकाकणारी स्वस्त तार बहुधा हीच. चाकूनं टोक खरवडलं की आतला पांढरा धातू दिसतो. गिऱ्हाईक हे खरवडून पाहत नाही, कारण तार त्यानं विकत घेतलेलीच नसते; ती ‘फिटिंगमध्ये’ येते.

फ्यूजचंही तसंच. फ्यूज सेटच्या रक्षणासाठी असतो असं बरेच जण धरून चालतात. सेटच्या पाठीवर तसा एक असतोही. पण बॅटरीपासून निघालेल्या मोठ्या तारेवरचा फ्यूज हा त्या तारेच्या रक्षणासाठी असतो, आणि म्हणून तो बॅटरीच्या जवळ, हातभर अंतराच्या आत लागतो. कारण साधं आहे. ही तार इंजिनच्या बाजूनं पत्र्यातल्या भोकातून आत येते. पत्र्याच्या धारेवर घासून आवरण फाटलं आणि तांबं बॉडीला टेकलं, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतायला मागंपुढं पाहत नाही. फ्यूज डिकीतल्या ॲम्पपाशी असेल तर या सगळ्या प्रकाराशी त्याचा संबंधच येत नाही. भोकात एक रबरी बुश, फ्यूजचा एक होल्डर, तारेवर थोडी नळी: खर्च दोन-तीनशे रुपयांचा. हाच खर्च आधी गळतो.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दलही इथंच बोलून घेतो. ‘५० वॅट गुणिले ४’ हे शब्द जवळपास प्रत्येक खोक्यावर असतात. चालत्या गाडीत ऑल्टरनेटर चौदा-साडेचौदा व्होल्ट देतो. तेवढ्या दाबावर चार ओहमच्या स्पीकरला सेटच्या आतल्या ॲम्पकडून न फाटता मिळू शकणारी शक्ती गणितानंच पंचवीस-सव्वीस वॅटच्या पुढं जात नाही. प्रत्यक्षात अठरा ते बावीस मिळाले तरी ठीक. सेटच्या पाठीवरचा फ्यूज पंधरा अँपिअरचा असेल तर आत येऊ शकणारी एकूण शक्तीच सव्वादोनशे वॅटच्या आत राहते, आणि त्यातली बरीचशी उष्णतेत जाते. मग चार दारांतून दोनशे वॅट बाहेर पडणार कुठून? हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडत नाही आणि विक्रेत्याला पडून परवडत नाही. आकडा छापायला पैसे लागत नाहीत, तारेला लागतात. म्हणून स्पर्धा आकड्यांत चालते.

डॅशबोर्ड उघडल्यावर

कंपनीचा डेक काढताना पट्टीनं फ्रेमचे खटके उचकटायचे, चार स्क्रू सोडायचे आणि डेक आपल्याकडे ओढायचा. त्याचं माप जगभर ठरलेलं आहे: १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच, किंवा दुप्पट म्हणजे १०० उंच. नऊ इंची पडद्यासाठी मात्र त्या-त्या मॉडेलची वेगळी फ्रेम लागते. मागं डोकावलं की तारांचा झुबका आणि त्याच्या टोकाला एक-दोन कपलर. मारुतीचा कपलर ह्युंदाईच्या सेटला बसत नाही, महिंद्राचा तिसराच. पण बाहेरून येणाऱ्या सेटच्या तारांचे रंग बहुतेक ठिकाणी सारखे असतात. पिवळी म्हणजे बॅटरीची कायमची मेन, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी, काळी अर्थ, निळी अँटेनाची किंवा ॲम्पला जागं करणारी, नारिंगी दिव्यांची. पांढरी आणि राखाडी पुढच्या स्पीकरांच्या, हिरवी आणि जांभळी मागच्या; प्रत्येकीची जोडीदार काळ्या रेघेची. फिटरला हे रंग तोंडपाठ असतात.

इथं दोन वाटा फुटतात. एक वाट त्या मॉडेलचा जोड-कपलर आणून लावायची: एका बाजूला कंपनीचा सॉकेट, दुसऱ्या बाजूला सेटच्या तारा, कंपनीच्या एकाही तारेला धक्का नाही. हा कपलर शे-दोनशे ते चार-पाचशे रुपयांत मिळतो. दुसरी वाट कंपनीचा कपलर मुळासकट कापायचा, तारांची टोकं दातांनी सोलायची, एकमेकींत पिळायची आणि वरून काळी टेप गुंडाळायची. दुसरी वाट दहा मिनिटांनी लवकर संपते आणि मालाचा खर्च टेपच्या गुंडाळीपुरता. काम झाल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, कारण फ्रेम परत बसली की मागचं कुणालाच दिसत नाही. फरक कळतो तो मे महिन्यात. विदर्भातल्या उन्हाळ्यात बाहेर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असताना बंद गाडीच्या डॅशबोर्डचं तापमान सत्तरीला भिडू शकतं. साधी पीव्हीसी टेप ऐंशी अंशांपर्यंत चालते असं गुंडाळीवर लिहिलेलं असलं तरी तिचा डिंक त्याआधीच पातळ होऊन ओघळतो, टेप सुटते आणि पिळलेल्या तारा उघड्या पडतात. त्यानंतर रस्त्याच्या प्रत्येक गचक्याला आवाज येतो-जातो. गिऱ्हाईक म्हणतं, सेट खराब निघाला.

पिवळी आणि लाल या दोन तारांचा घोळ तर घरोघरचा. पिवळीवर सेटची स्मरणशक्ती जगते, लालवर त्याचं जागणं-झोपणं. चावीची तार शोधायचा कंटाळा केला की दोन्ही एकत्र करून सरळ मेनवर टाकतात. सेट चालतो, छान चालतो, पण झोपत नाही. पडदा काळा दिसत असला तरी आत अर्धा अँपिअर चालू राहिला तर दिवसाला बारा अँपिअर-तास गेले. लहान गाडीची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची. गाडी तीन दिवस उभी राहिली की सेल्फ फिरत नाही. बंद असताना सगळी गाडी मिळून पन्नास मिलिअँपिअरच्या आत ओढत असेल तर तब्येत ठीक समजायची. गावाकडं गाडी आठ-आठ दिवस उभी असते आणि बाजाराच्या दिवशीच बाहेर निघते, त्यामुळं हा दोष शहरापेक्षा इथं लवकर उघडा पडतो. भुर्दंड बसतो तो नव्या बॅटरीचा.

रंगांच्या याच पाठांतराला एक नवा धोका येऊन चिकटला आहे. देशात विकल्या जाणाऱ्या कारना पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग २०२२ उजाडेपर्यंत सक्तीच्या झाल्या. त्यांच्या तारांचं आवरण आणि कपलर बहुतेक गाड्यांत पिवळे असतात. मुद्दाम, हात लावू नये म्हणून. ज्या फिटरच्या डोक्यात पिवळी म्हणजे मेन हे पंधरा वर्षांपासून बसलं आहे, त्याच्या टेस्ट लॅम्पसमोर डॅशबोर्डच्या आत आता दुसरी पिवळी उभी आहे. तिला टेस्ट लॅम्प लावणं म्हणजे एअरबॅगच्या सर्किटमध्ये प्रवाह सोडणं. ज्या गाड्यांत छताच्या कडेनं पडद्यासारखी एअरबॅग असते, तिथं काचेच्या बाजूच्या खांबात ट्वीटरची तार खुपसून टायनं आवळणंही तसंच अंगाशी येणारं. हे सांगणारं कुणी या पोरांपर्यंत पोचलेलं नाही. त्यांचं सगळं शिक्षण शेजारच्या उस्तादाच्या गाडीखाली झालं, आणि उस्तादाचं कॅसेटच्या काळात.

दाराच्या आतला पाऊस

कारच्या दारात पाणी शिरतं, आणि ते शिरावं अशीच रचना असते. काचेच्या कडेची रबरपट्टी सगळा पाऊस अडवू शकत नाही. थोडं पाणी काचेवरून ओघळत दाराच्या पोकळीत उतरतं आणि तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. या ओल्या पोकळीत आणि आतल्या रेक्झिनच्या पॅनलमध्ये प्लास्टिकचा एक पातळ कागद डांबरी डिंकानं चिकटवलेला असतो. दिसायला भिकार, पण सगळी मदार त्याच्यावर. स्पीकर बसवायचा तर पॅनल काढावं लागतं, कागद बाजूला करावा लागतो. नीट काम करणारा तो कडेनं हळूच सोडवतो, स्पीकरच्या मापाचं भोक पाडून पुन्हा दाबून बसवतो, आणि तार दार-बॉडीमधल्या रबरी नळीतून ओवून घेतो. या ओवण्यातच वीस मिनिटं जातात, कारण नळी अरुंद असते आणि आत आधीच काचेच्या मोटरच्या तारा भरलेल्या असतात. फुकटात काम करणारा कागद टर्रकन फाडतो आणि तार बिजागरीच्या फटीतून तशीच आत घेतो.

पुढचं काम जून-जुलै करतात. पाणी स्पीकरच्या पाठीवर पडतं, पॅनलच्या खालून पायाशी येतं, मॅटिंग ओलं राहतं आणि गाडीला कुबट वास सुटतो. दार हजारदा उघड-बंद होताना बिजागरीत चेपलेली तार आतून तुटते. एक स्पीकर मुका होतो किंवा तार बॉडीला टेकून सगळा सेटच आवाज बंद करतो. कागदी कोनचा स्पीकर असेल तर त्याचं भिजून पापड होणं ठरलेलं. फिटिंगमधली आणखी एक चूक अशी की ती पावसाचीही वाट पाहत नाही: एका दाराच्या स्पीकरची धन-ऋण टोकं उलट जोडली तर एक कोन बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, आणि ढोलकीचा घुमारा हवेतल्या हवेत एकमेकांत जिरून जातो. गाणं पातळ, पत्र्यासारखं लागतं. मग गिऱ्हाइकाला बास ट्यूब विकली जाते. अर्ध्या मिनिटात टोकं पालटून जे झालं असतं त्यासाठी चार हजार.

फुकटचा धंदा कसा चालतो

दुकानदाराला खलनायक ठरवून विषय मिटत नाही. गिऱ्हाईक मोबाइल पुढं धरून तोच सेट ऑनलाइन केवढ्याला आहे ते दाखवतं, आणि तिथूनच घासाघीस सुरू होते. सेटवरचा नफा असा खरवडला गेल्यावर उरलेली कमाई वाचवायला एकच जागा राहते, ती म्हणजे जे दिसत नाही ते: तारेची जाडी, कपलर, फ्यूज, फिटरचा वेळ. फिटिंग फुकट ठरलं की सावकाश केलेलं प्रत्येक काम दुकानाच्या तोट्यात मोजलं जातं आणि घाईनं केलेलं नफ्यात. फिटर पगारी असेल तर त्याला लवकर उरकायला सांगितलं जातं. गाडीमागं पैसे मिळत असतील तर तो स्वतःच लवकर उरकतो. चांगलं काम करणाऱ्याला या व्यवस्थेत बक्षीस नाही, कारण त्याचं काम फ्रेमच्या मागं झाकलेलं आहे.

या कामाला किंमत असते याचा पुरावा त्याच काउंटरवर सापडतो. गिऱ्हाईक स्वतः ऑनलाइन मागवलेला सेट घेऊन आलं आणि ‘फक्त बसवून द्या’ म्हणालं, की लगेच मजुरी सांगितली जाते. ती गाडीप्रमाणं आणि कामाप्रमाणं बदलते, तीवर घासाघीस होते आणि ती दिलीही जाते. म्हणजे दर सगळ्यांना ठाऊक आहे. विक्री असली की तो लपतो, विक्री नसली की बाहेर येतो. फुकट असं काही नसतंच. मजुरी सेटच्या किमतीत घातलेली असते आणि मग सेटच्या किमतीबरोबर तीही खाली दाबली जाते.

ट्रॅक्टर, पिकअप आणि समृद्धी

हा सगळा कारवाल्यांच्या चैनीचा विषय आहे, असा आक्षेप कुणी घेईल. वाशिममध्ये तो टिकत नाही. इथं सेट बसतात ते पिकअपमध्ये, प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांत, सेकंडहँड गाड्यांत आणि ट्रॅक्टरवर. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेसाठी बंजारा तांडे दूरदूरच्या राज्यांतून वाहनं करून येतात. त्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये सेवालाल महाराजांची गोरमाटी गाणी असतात. १४ एप्रिलला भीमगीतं, लग्नसराईत वऱ्हाडाच्या गाड्यांत जे चालू असेल ते. यातलं फार थोडं टीव्हीवर लागतं. गाडीतला सेट हे अनेकांचं आपल्या भाषेतलं गाणं मोठ्यानं ऐकण्याचं एकमेव साधन आहे. त्याला चैन म्हणायची तर म्हणावी.

ट्रॅक्टरवर सेट बसवणं तर कारपेक्षा अवघड. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी आवाजाची पातळी नव्वद डेसिबलच्या घरात असते, आणि पंचाऐंशीच्या वर आठ तास रोज कानाला अपायकारक मानतात. गाणं ऐकू यायचं तर त्याहून वर जावं लागतं. म्हणून हूडखाली दोन खोकी, सीटखाली ॲम्प, आणि मेन सरळ बॅटरीवरून. वर धूळ, पाऊस, रोटाव्हेटरची थरथर. कारमधला स्पीकरचा कागदी कोन आणि पिळलेली तार इथं एक हंगाम काढत नाही. या कामाला सीलबंद कपलर, नळीत घातलेली तार, दर हातभर अंतरावर क्लिप लागतात, म्हणजे मजुरी कारच्या दुप्पट पडायला हवी. ती इथंही फुकटच असते. कानाचं काय, हा प्रश्न उरतोच. तो चांगल्या फिटिंगनं सुटत नाही, आवाज कमी करूनच सुटतो, आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या पोराला हे सांगून पाहावं.

समृद्धी महामार्ग जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. काँक्रीटवर ताशी शंभराच्या पुढं टायरचाच आवाज इतका होतो की सेट दोन-चार घरं वर चढवला जातो आणि तासन्‌तास तिथंच राहतो. गावातल्या गावात फिरताना जी कच्ची जोडणी पाच मिनिटं तापून निवत होती, तिला आता तीन तास सलग प्रवाह सोसावा लागतो.

‘मग कंपनीचाच घ्यावा ना?’

सगळ्यात वजनदार आक्षेप हा. कारखान्यात बसवलेला सेट, त्याला वॉरंटी, कापाकापी नाही. मग नाक्यावर जायचंच कशाला? ज्याला वरचं मॉडेल परवडतं त्यानं जरूर घ्यावं. पण व्हॅगनआर किंवा अल्टोच्या सर्वांत खालच्या मॉडेलात, ईकोमध्ये, बोलेरोच्या खालच्या मॉडेलात सेट येतच नाही, आणि सेट असलेलं मॉडेल घ्यायचं तर त्याच्यासोबत नको असलेल्या दहा गोष्टींचे पैसेही मोजावे लागतात. जुनी गाडी घेणाऱ्याला तर निवडच नसते. शोरूमच्या ॲक्सेसरी काउंटरवरून बसवून घेतला तर वॉरंटीचा वाद टळतो, हा फायदा खरा. तरी अनेक ठिकाणी ते काम बाहेरच्याच फिटरकडून करून घेतलं जातं, आणि ‘फ्री’ हा शब्द तिथंही असतो.

बाहेरून बसवणं हीच मुळात या यंत्राची जन्मकथा आहे. १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीनं ‘मोटोरोला’ नावाचा गाडीतला रेडिओ बाजारात आणला, तो कारखान्यातून निघालेल्या गाडीत नंतर भोकं पाडून बसवायचाच होता. कर्ज मिळावं म्हणून गॅल्विन यांनी एका बँकवाल्याच्या गाडीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात ती गाडी पेटली, अशी एक कथा सांगतात. खरीखोटी असो, फिटिंगचं महत्त्व कंपनीला पहिल्या दिवसापासून कळलं होतं एवढं तीवरून दिसतं. अमेरिकेत पुढं १९९०च्या दशकात गाडीत इलेक्ट्रॉनिक्स बसवणाऱ्यांसाठी परीक्षा आणि प्रमाणपत्र सुरू झालं. आपल्याकडे आयटीआयमध्ये वाहनांच्या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड आहे. पण तो शिकलेला मुलगा शोरूमच्या वर्कशॉपमध्ये जातो, कारण नाक्यावर त्या शिक्षणाचा मोबदला देणारं कुणी नाही. जिथं काम फुकट आहे तिथं शिकून कोण येणार?

कायद्याची भीतीही मध्येच घातली जाते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, असं म्हटलं. म्युझिक सिस्टीमची नोंद त्या प्रमाणपत्रात नसते, तेव्हा त्या निकालाचा रोख तिच्यावर नाही. रात्री दहा ते सकाळी सहा रस्त्यावर दारं उघडून बास वाजवणं मात्र २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत येतं. तो फिटरचा विषय नाही, मालकाच्या अकलेचा आहे.

गिऱ्हाईक मजुरी देणार नाही, हा शेवटचा आक्षेप, आणि दुकानदार तो मनापासून घेतात. त्याला उत्तर शेजारच्याच दुकानात आहे. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती रिवाइंडिंगवाल्याकडे टाकतो. तिथं मजुरी हॉर्सपॉवरवर ठरते, तांब्याची तार वजनावर मोजली जाते आणि जळालेली जुनी तार मालकाला परत मिळते किंवा तिचे पैसे बिलातून वजा होतात. हलकी तार भरली तर मोटर पुन्हा जळते हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं, म्हणून तो तारेबद्दल विचारतो. तोच माणूस गाडीच्या सेटसाठी आला की रॅम किती, पडदा किती इंची एवढंच विचारतो, कारण तार, कपलर, फ्यूज, मजुरी हे शब्द बिलावर कधी छापलेलेच नसतात. सेटच्या किमतीतून पाचशे काढून ते ‘कपलर, मेन तार, फ्यूज, मजुरी’ अशा चार ओळींत लिहिले, तर एकूण बिल तेवढंच राहील. फक्त कपलर न लावता त्याचे पैसे घेणं दुकानदाराला जड जाईल, आणि फ्रेम लावण्याआधी ‘दाखव बरं’ म्हणायला गिऱ्हाइकाला कारण मिळेल.

दिवाळीच्या आठवड्यात हे सगळं आणखी ताणलं जातं. एरवी दिवसाला दोन-तीन गाड्या असतात तिथं रांग लागते, उधारीवर आणखी एखादा पोरगा हाताखाली घेतला जातो आणि रात्री अकराला मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात दारांची पॅनलं काढली जातात. सेट धनत्रयोदशीला घरी आणायची हौस असेल तर आणावा, खोक्याची पूजाही करावी. फिटिंगला गाडी भाऊबीज उरकल्यावर न्यावी, सकाळच्या पहिल्या नंबरला, आणि दोन तास तिथंच खुर्ची टाकून बसायची तयारी ठेवून.